आजीचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं, जुन्या उपग्रह-फोटोत ते गाव दिसेल का?

प्रश्न थोडक्यात असा: आजीचं माहेर पळसदेवच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठावर होतं आणि ते उजनी धरणात बुडालं. आजी आता ८४ वर्षांची आहे. गुगलच्या नकाशावर तिथं नुसतं निळं पाणी दिसतं. जुनं गाव, त्यातलं देऊळ, जमलं तर घरही, कुठल्या तरी उपग्रहाच्या फोटोत बघायला मिळेल का?

गाव दिसेल. देऊळ बहुतेक दिसेल, निदान त्याची सावली तरी. घराचं मात्र आत्ताच कबूल करत नाही, त्याचं कारण पुढे येईल. नकाशे आणि उपग्रहचित्रांच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत आणि धरणात गेलेली गावं शोधून देण्याचा नाद त्याच कामातून लागला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी धरणाचं गणित. उजनी १९८० साली पूर्ण झालं, पण पाणी त्याआधी काही वर्षांपासून अडायला लागलं होतं. म्हणून तुम्हाला सत्तरच्या दशकाच्या मध्याच्या आतला फोटो हवा. गुगल अर्थचा काळ मागे नेणारा पट्टा फसवतो तो इथंच. तो ओढत ओढत १९८४ पर्यंत जातो आणि माणसाला वाटतं, सापडलं. पण १९८४ मध्ये तलाव भरून बरीच वर्षं झाली होती, आणि त्या काळातली चित्रं इतकी ढोबळ की अख्खं गाव एक-दोन ठिपक्यांत बसावं. स्वच्छ, घरं मोजता येतील अशी चित्रं तिथं २००० नंतरचीच.

तुमच्या कामाचा खरा खजिना अमेरिकेच्या हेर-उपग्रहांचा आहे. १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ नावाच्या मोहिमेत हे उपग्रह चक्क फिल्मवर फोटो काढत. फिल्मची रिळं डब्यात घालून खाली सोडायची आणि छत्रीला लटकत येणारा तो डबा विमानानं हवेतल्या हवेत आकडा टाकून पकडायचा, असा सगळा खटाटोप होता. नजर अर्थातच सोव्हिएत संघावर आणि चीनवर. पण वाटेतल्या पुष्कळ मुलखावरही फिल्म फिरत राहिली आणि त्यात आपली भीमाही येऊन गेली. २२ फेब्रुवारी १९९५ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून हे आठ लाख साठ हजारांहून जास्त फोटो खुले केले. आज ते अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या, म्हणजे यूएसजीएसच्या ‘अर्थ एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर मिळतात.

तिथं खातं उघडा (फुकट आहे), नकाशावर पळसदेव ते भिगवण हा पट्टा चौकटीत घ्या आणि ‘डीक्लासिफाइड’ या गटात शोधा. त्यात तीन भाग आहेत. पहिल्यात कोरोना. त्यातही केएच-४बी हा कॅमेरा १९६७ नंतरचा आणि सगळ्यात तीक्ष्ण, सुमारे १.८ मीटरची वस्तू त्यात वेगळी ओळखू येते. त्याआधीच्या केएच-४ए मध्ये २.७ मीटर. दुसऱ्या भागात केएच-९ या नंतरच्या हेर-उपग्रहाचा नकाशा-कॅमेरा आहे, १९७३ ते १९८० या काळातला. त्याची तीक्ष्णता फक्त ६ ते ९ मीटर, पण वर्षं बघा: उजनी बांधली जात होती तीच. एका फ्रेममध्ये अख्खं खोरं येतं आणि पाणी कुठवर चढलंय ते दिसतं. तिसऱ्या भागात त्याच केएच-९ चे मोठे कॅमेरे आहेत. त्यांची चित्रं मीटरभराच्या आसपास तीक्ष्ण, पण खुली झाली २०११ मध्ये आणि सगळी अजून स्कॅन झालेली नाहीत. स्कॅन झालेलं चित्र फुकट उतरवता येतं. नसेल झालं तर फ्रेममागे ३० डॉलर भरून करवून घ्यावं लागतं, आणि मग ते सगळ्या जगाला फुकट होतं. मागणी नोंदवण्याआधी लहान पूर्वदृश्य नीट बघा, कारण चित्रात ढग निघाले म्हणून ते पैसे परत करत नाहीत.

तारीख निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आभाळ, मे महिन्यात धुरकट हवा आणि डोक्यावरचा सूर्य. थंडीत हवा नितळ आणि सूर्य दक्षिणेकडं कललेला, म्हणून सावल्या लांब. सूर्य ३० अंशांवर असेल तर १० मीटर उंच शिखराची सावली साधारण १७ मीटर पडते. केएच-४बी च्या चित्रात हे नऊ-दहा ठिपके झाले. शिखर स्वतः डोळ्यांत भरणार नाही, सावली भरेल.

आता चित्र उघडल्यावर काय. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच कळत नाही, राखाडी गोधडीसारखं दिसतं. तेव्हा आपल्या जुन्या लोकांचे दोन शब्द आठवा: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. इंदापूर-करमाळ्याकडच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत हे शब्द जसेच्या तसे उमटतात. काळवटीची शेतं गडद आणि गावठाण पांढरं. शेकडो वर्षं मातीची घरं पडत-उभी राहत आल्यानं तिथली माती राखट, फिकी झालेली असते. वर भीमाकाठची घरं बहुतेक माळवदाची, आणि माळवदावर पांढरी मातीच पसरलेली. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला छप्पर म्हणजे पांढरी मातीच दिसते. मी शिकवताना मुलांना सांगतो, गाव शोधू नका, पांढरी शोधा. अर्ध्या तासात नजर बसते.

पांढरीची खात्री वाटांवरून होते. चहूबाजूंनी फिक्या रेघा येऊन एका डागात मिळत असतील तर ते गाव. डाग आहे पण वाटा येत नाहीत, तर तो खडकाळ माळ किंवा नदीतली वाळू. गाडीवाटा आणि पाणंदी शेताच्या बांधाबांधानं वळतात. विहीर म्हणजे काळा ठिपका आणि भोवती उपशाच्या मुरमाची फिकट कडी. साठच्या दशकात मोटा चालू होत्या, म्हणून काही विहिरींना एका बाजूला आखूड, सरळ रेघ चिकटलेली दिसते. ती बैलांची धाव. ही रेघ मला पहिल्यांदा ओळखू आली त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती. कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही. आमराई ठिपक्यांची रांगोळी, वडाचं झाड एकटा काळा गोळा, चावडीपुढचा पार म्हणजे त्या गोळ्याखालचं फिकट वर्तुळ. मोठा वाडा चौकावरून कळतो: पांढऱ्या चौकोनात मधोमध काळं भोक.

आणि म्हणूनच घराचं कबूल करत नाही. दोन-तीन खणांचं माळवदी घर या चित्रात चार-पाच ठिपके असतं आणि शेजारची घरं भिंतीला भिंत लावून. आळी सांगता येते, घर नाही. आजीचं माहेर चौसोपी वाड्यात असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या भागात एक उपकारक खूण आहे, जुना रेल्वेमार्ग. पुण्याहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८५८ साली डिकसळपर्यंत आली आणि पुढे भीमा ओलांडून सोलापूरकडं गेली. उजनीच्या पाण्यामुळं तो मार्ग हलवावा लागला. आज गाडी भिगवणनंतर जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज अशी जेऊरकडं जाते. जुना डिकसळचा रेल्वेपूल मात्र राहिला आणि नंतर रस्त्याच्या वाहतुकीला वापरला गेला. साठच्या दशकातल्या फोटोत हा जुना मार्ग सुरेख दिसतो, कारण रेल्वेला चटकन वळता येत नाही. बांध, वाटा, ओढे कशाचीही पर्वा न करता एक लांब गुळगुळीत कमान शेतं कापत जाते. ती कमान आणि पूल सापडला की तुम्ही नक्की कुठं आहात ते कळलं. तिथून नदीची वळणं मोजत खाली पळसदेवकडं या.

ही खूण मी सांगतोय ती ठेच खाऊन. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी असंच एक उजव्या काठाचं गाव शोधत होतो. तीन दिवस खपून सापडवलं, छान मोठा छाप काढला आणि घरातल्या आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आमचा वढा देवळाच्या खालच्या अंगाला मिळायचा. ह्यो वरच्या अंगाला हाय. ह्ये आमचं गाव न्हाई.” मी त्यांना समजावायला लागलो, वयामुळं विसर पडतो वगैरे. घरी येऊन पुन्हा चित्र उघडलं तेव्हा लक्षात आलं की सावल्या खाली, म्हणजे दक्षिणेकडं पडल्यात. जानेवारीचा फोटो! आपल्या अक्षांशावर जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, सावली दक्षिणेला पडूच शकत नाही. फिल्मची पट्टी उलटी होती, उत्तर खाली आणि दक्षिण वर. मी इंदापूरचा काठ समजून करमाळ्याचा काठ धुंडाळत होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन आजोबांची माफी मागितली. चित्र फिरवलं, ओढा देवळाच्या खालच्या अंगाला सापडला.

तर स्कॅनमध्ये उत्तर वर असेलच असं धरू नका. संकेतस्थळावर दिलेल्या फ्रेमच्या कोपऱ्यांवरही फार विसंबू नका, ते काही किलोमीटर सरकलेले असतात. कोरोनाची एक फ्रेम साधारण १४ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ १९० किलोमीटर लांब पट्टी असते, चार तुकड्यांत उतरवायची. कॅमेरा डावीकडून उजवीकडं झाडू मारल्यासारखा फिरायचा, त्यामुळे मधला भाग ठीक आणि टोकाकडं सगळं ताणलेलं. शक्य असेल तर तुमचं गाव पट्टीच्या मध्याजवळ येईल अशी फ्रेम निवडा. आणखी एक सोय: बऱ्याच मोहिमांत दोन कॅमेरे असत, एक पुढे कललेला, एक मागे. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दुनेत्री चष्म्यातून बघितले तर नदीची दरड, गढी, रेल्वेचा भराव उठून दिसतो. चष्मा नसेल तर निदान चित्र असं फिरवून बघा की सावल्या तुमच्याकडं पडतील. नाहीतर डोळा फसतो आणि विहिरी उंचवट्यांसारख्या दिसतात.

यापुढचं काम म्हणजे जुनं चित्र आजच्या नकाशावर बसवणं. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. पूर्ण पट्टी बसवायला जाऊ नका. गावाभोवतीचा आठ-दहा किलोमीटरचा तुकडा कापून घ्या. मग दोन्हीकडं ओळखू येतील अशा पंधरा-वीस जागा हव्यात, आणि इथं बहुतेक लोक अडतात, कारण आजच्या चित्रात सगळं पाण्याखाली. काठावरची न बुडालेली गावं, टेकड्या, डिकसळचा पूल यांवर भिस्त ठेवली तर खुणा सगळ्या कडेला येतात आणि मधलं गाव भरकटतं.

यावर माझा उपाय दुष्काळ हा आहे. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे पेपरात ‘उजनी शून्य टक्के’ वाचलं तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. नदीकाठची गावं उघडी पडतात ती साठा उण्यात खोल गेल्यावरच. २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तसं झालं. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं लोकांनी जाऊन पाहिलं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं २०१५ पासून फुकट आहेत. या तीन वर्षांच्या मे-जूनमधली चित्रं उतरवा. नदीचा जुना काठ, ओढ्यांचे संगम, जुन्या रस्त्याचा भराव, देऊळ सगळं त्यात असतं. गुगल अर्थमध्येही पाणी उतरलेल्या तारखेचं स्वच्छ चित्र मिळालं तर दुधात साखर. आधी कोरोना दुष्काळाच्या चित्रावर बसवा, मग दुष्काळाचं चित्र भरलेल्या तलावावर. मधे ही पायरी घेतली की सोपं जातं. चार-पाच खुणा बाजूला ठेवा, बसवताना वापरू नका. शेवटी त्या किती चुकतात ते मोजा. दहा-पंधरा मीटरच्या आत आलात तर उत्तम.

पाणी नक्की कधी चढलं हे बघायचं असेल तर लँडसॅटची चित्रं आहेत. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये सुटला, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातला महाराष्ट्र हा त्याच्या पहिल्या काही महिन्यांतला. ८० मीटरच्या त्या ठिपक्यांत गाव शोधू नका. पण अवरक्त पट्ट्यात पाणी काळंकुट्ट येतं, त्यामुळे एकेका वर्षाची चित्रं लावली की काळी नदी फुगत तलाव होताना दिसते आणि आजी सांगते ते ‘पाणी आलं ते वरीस’ ताडून बघता येतं.

चित्राबरोबर कागदही गोळा करा, नाहीतर चित्र मुकं राहतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट, म्हणजे तपशीलवार नकाशे, एक इंच-एक मैलाचे, मिळाले तर फार चांगलं. तुमचा भाग ४७ जे या गटात येतो आणि ७५ अंश रेखांशाच्या पूर्वेला गेलात की ४७ एन. त्यांत गावाचं नाव, देऊळ, विहिरी, नदीचा उतार (पायी ओलांडायची जागा) छापलेला असतो. फक्त ते एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर काढलेले आहेत, आजच्या जीपीएसवर सरळ ठेवले तर शंभर-दीडशे मीटर सरकतात. लोक याला सर्वेक्षणाची चूक म्हणतात आणि मला राग येतो. टोपोशीट हाती लागलं नाही तर अमेरिकी लष्कराची पन्नासच्या दशकातली अडीच लाखांत एक प्रमाणाची नकाशामालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं खुली ठेवली आहे. ढोबळ आहे, पण जुना रेल्वेमार्ग त्यात मिळतो.

शेत हवं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून बुडालेल्या गावाचा गावनकाशा मागा आणि जुन्या सातबाऱ्याची नक्कल काढा. सर्व्हे नंबरांचे आकार आणि फोटोतले बांध इतके तंतोतंत जुळतात की बघत राहावं. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेवढा मेळ घालून घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या शेतात उभे राहाल.

बघताना नदीला चिकटून बसू नका. सिरियाच्या वाळवंटात प्वादबार नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं विमानातून फोटो काढून १९३४ साली ११६ रोमन किल्ले छापले, सरहद्दीच्या रांगेत. २०२३ मध्ये संशोधकांनी याच हेर-उपग्रहांच्या चित्रांत आणखी ३९६ शोधले आणि ते रांगेच्या बाहेर, आडवे पसरलेले निघाले. पाद्रीबाबा रांग धरून उडाले, म्हणून त्यांना रांग दिसली. भीमेला पूर यायचे, त्यामुळे ‘नदीकाठचं गाव’ म्हणून आजी सांगते ते दरडीवर, पात्रापासून चांगलं अर्धा किलोमीटर आतही असू शकतं.

पाणी उतरल्यावर जागेवर जायचा मोह होईल. जा, पण कोरड्या दिसणाऱ्या गाळावर पाऊल टाकू नका, वर पापुद्रा आणि खाली कंबरभर चिखल असतो. भिगवण-कुंभारगावकडं रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला नेणारे नावाडी आहेत, त्यांना घेऊन जा. खाली कुठलं गाव आहे ते त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. गावात फार काही उभं सापडणार नाही. उठताना लोकांनी तुळया, दारं, चौकटी सोडवून नेल्या आणि मातीच्या भिंती पाण्यानं विरघळल्या. उरतात ते दगडी पाये, देऊळ आणि विहिरीचे कठडे.

आजीला मोबाइलवर काही दाखवू नका. आधी तिच्याकडून कोऱ्या कागदावर गाव काढून घ्या: नदी कुठं, देऊळ कुठं, आड कुठं, धुणं धुवायला कुठल्या वाटेनं जायची, सकाळचं ऊन कुठल्या गालावर यायचं. त्यावर तारीख घाला. मग फोटोचा मोठा छाप काढा, निदान चार पानांएवढा, आणि गावाचं नाव न सांगता तिच्यापुढे ठेवून पेन्सिल द्या. आणि तिनं ‘ह्ये न्हवं’ म्हटलं तर समजावत बसू नका, सावल्या कुठं पडल्यात ते बघा.